मैदान आखणाऱ्याचा दिवस

पहाटे साडेपाच

दसरा उलटला की बालाघाटाच्या डोंगरात पहाटे गारवा धरतो. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर पहिली दुधाची गाडी निघते, भालचंद्र गणपतीच्या देवळात घंटा वाजते, तेव्हा मी शाळेमागच्या माळावर खुरपं घेऊन बसलेला असतो. लिंबागणेशचं आमचं मैदान म्हणजे बरड जमीन. वर मुरूम, खाली खडक. पावसाळ्यात तिच्यावर कुसळी गवत माजतं आणि आश्विनात त्याची कुसळं वाळून टोकदार होतात. निम्मी पोरं अनवाणी खेळतात. म्हणून क्रीडाशिक्षकाची शिट्टी नंतर, आधी खुरपं.

मधली बावीस यार्डांची पट्टी तेवढी काळ्या मातीची आहे. एका पालकानं ट्रॉलीभर माती आणून टाकली होती, ती दरवर्षी पावसानं थोडी वाहून जाते. तिच्यावर आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं, पहाटे ओल बेताची राहिली की रूळ फिरवायचा. ओल जास्त असली तर माती रुळाला चिकटते, कमी असली तर भुगा होतो. पायाचा अंगठा दाबून बघायचा, ठसा उमटला पण माती वर आली नाही, की वेळ बरोबर. आमचा रूळ म्हणजे काँक्रीट ओतलेलं पत्र्याचं पिंप, मधून लोखंडी नळी. दोघांनी ओढावा लागतो. वसतिगृहातला एखादा मुलगा लवकर उठून येतो, नाहीतर मी एकटाच उलट्या पावलांनी ओढतो.

रूळ ओढताना बाळू पालवणकर आठवतात. गेल्या शतकाच्याही मागं, १८९० च्या सुमारास, पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात हा मुलगा महिना ३ रुपयांवर कामाला लागला. खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, सभासदांना सराव हवा असला तर चेंडू टाकायचे. १८९२ च्या आसपास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. पगार ४ रुपये झाला आणि कामं वाढली: खेळपट्टी आखणं, जाळ्या उभारणं, सांगितलं तर टेनिसची मैदानं आखणं. वडील लष्करात नोकरीला होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले. जात चर्मकार. भारतानं जगापुढं उभा केलेला पहिला मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज असा रूळ ओढत तयार झाला.

त्यांच्या गोलंदाजीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्या रुळाबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. जो माणूस रोज पहाटे पट्टीवर पाणी मारतो, ती कुठं भुसभुशीत आहे आणि कुठं घट्ट हे ज्याला पायाच्या तळव्यानं कळतं, त्याला चेंडू कुठं टाकला तर वळेल हे आणखी कुणी शिकवावं लागत नाही. मैदानाची चाकरी आणि खेळाचं ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. त्यांना वेगळं केलं ते क्लबाच्या दारानं.

सहा

पोरं येऊ लागतात. कुणाची बोटं मंजनानं काळी, कुणाच्या खिशात सीताफळ. आमच्या या डोंगरातली सीताफळं या दिवसांत पिकतात आणि बीडच्या सीताफळाला आता भौगोलिक मानांकन आहे, पण पोरांना त्याचं काही नाही. सीताफळ खायचं आणि बिया एकमेकांना मारायच्या.

जाळी लावतो. ती विहिरीवर टाकायची जुनी नायलॉनची जाळी आहे, चार बांबूंवर ताणलेली. फलंदाजीला सगळेच धावतात, गोलंदाजीला निम्मे, आणि लांब उभं राहायला कुणीच नाही. हे सगळीकडं असंच असतं. क्रिकेटच्या जन्मापासून बॅट ही मालकाची आणि चेंडू हा नोकराचा. इंग्लंडात तर हौशी खेळाडूंना ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना नुसतं ‘प्लेअर’ म्हणत. दोघांची कपडे बदलायची खोली निराळी, मैदानात उतरायचं फाटक निराळं. हा भेद कागदोपत्री संपायला १९६२ साल उजाडलं. पैसे घेऊन खेळणारा म्हणजे कामगार, आणि कामगाराची जागा गोलंदाजीला.

पूना क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा उत्तम फलंदाज होता, पुढं मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांच्या संघाचा आधार झालेला. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना चेंडू टाकायला सांगे. आपल्याला बाद केलं की दर वेळी तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. खरी असेल तर हिशेब सोपा आहे: साहेबाला आठदा बाद केलं की महिन्याचा पगार निघाला. या सरावात बाळूंनी किती हजार चेंडू टाकले असतील, ते कुठल्याही धावपुस्तकात नाही. आणि त्या क्लबात एकदाही त्यांच्या हातात बॅट दिली गेली नाही.

म्हणून आमच्या मैदानावर एक नियम आहे. ज्यानं जाळी बांधली, रूळ ओढला, त्याची फलंदाजी पहिली. मोठी पोरं कुरकुर करतात. करू देत.

साडेसात

उन्हं माळावर आली की क्षेत्ररक्षणाचा तास. मी बॅटनं उंच चेंडू उडवतो आणि एकेक जण तो झेलायला धावतो. आठवीतला एक मुलगा आहे, त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याला मी सगळ्यांत लांब, बाभळीच्या खुणेपाशी उभा करतो. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज त्याच्यापर्यंत जाईस्तोवर त्याचं पहिलं पाऊल पडलेलं असतं.

लांब उभं राहणं हे आळशाचं काम नाही. पोरं म्हणतात, ‘सर, तिकडं चेंडूच येत नाही.’ येतो तेव्हा दुसरी संधी नसते. उंच चेंडूखाली उभ्या असलेल्या पोराची सगळ्यांत मोठी चूक म्हणजे आधी पुढं धावणं. चेंडू डोक्यावरून जातो आणि मग वळून पळण्यात दोन धावा जातात. म्हणून पहिलं पाऊल मागं. मग चेंडूकडं सारखं बघत न राहता तो जिथं पडणार ती जागा मनात धरायची आणि तिथं धावत जाऊन उभं राहायचं. झेल दोन्ही हातांनी, कपाळाच्या वर, म्हणजे सुटला तरी छातीशी सावरता येतो. फेक सरळ यष्टिरक्षकाकडं, एक टप्पा पडून. इतकं सांगता येतं. चेंडू कुठं पडणार हे त्या मुलाला आधीच कसं कळतं, ते मला सांगता येत नाही.

या मुलाची आई काल संध्याकाळी दळण घेऊन चालली होती. ‘सर, आमची टोळी रविवारी निघायलीय,’ म्हणाली. सरावात तोही गप्प होता. मी दहा चेंडू उडवले, त्यानं नऊ झेलले, दहावा कुसळात पाय अडकून सुटला. तो कुसळाचा दोष, म्हणजे माझ्या खुरप्याचा.

नऊ

घरी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चहा. पेपरात गाळप हंगामाच्या बातम्या यायला लागल्या आहेत: साखर कारखान्यांचे बॉयलर पेटताहेत.

साडेदहा

परिपाठ, प्रतिज्ञा, हजेरी. या महिन्यात हजेरी घेणं जड जातं. नाव पुकारलं की मागून आवाज येतो, ‘गेला, सर.’ बीड जिल्ह्यात ज्याला ऊसतोडीचं घर नाही असं गाव शोधावं लागेल. दिवाळीच्या मागंपुढं टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकटा असेल तर अर्धा. मुकादमाकडून उन्हाळ्या-पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. लग्नाला, दवाखान्याला, बियाण्याला. ती फेडायला पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे नाहीतर थेट कर्नाटकात. कारखान्याजवळ पाचटाच्या कोप्या पडतात. पहाटे तीन-चारला उठून फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायच्या.

तेरा-चौदा वर्षांचं पोर या कामात हाताखाली धरतं. ते वाढं गोळा करतं, पाणी आणतं, धाकट्याला सांभाळतं, थोडं मोठं झालं की मोळीही बांधतं. माझ्या संघातली मुलं याच वयाची.

साडेअकरा

ऑफिसात बसून शिक्षण हमी कार्डं भरतो. स्थलांतर करणाऱ्या मुलाची इयत्ता, वय, तो कोणत्या विषयात कुठवर आला आहे हे लिहून कार्ड त्याच्या हातात द्यायचं. तो जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्या आधारावर त्याला बसवून घ्यायचं. योजना चांगली आहे आणि मी ती चांगली आहे असं मनापासून म्हणतो. कार्ड घेऊन गेलेली काही मुलं तिकडच्या शाळांत बसली, परत आली तेव्हा त्यांच्या वह्यांत पाठ उतरवलेले होते. पण कोपीपासून शाळा तीन-चार किलोमीटर असेल, आई-बाप पहाटेच फडात गेलेले असतील आणि कडेवर दोन वर्षांची बहीण असेल, तर कार्ड पत्र्याच्या पेटीत राहतं.

दुसरी वाट हंगामी वसतिगृहाची. टोळी गेली तरी मूल आजी-आजोबांकडं किंवा नातेवाइकांकडं गावातच राहतं आणि शाळेच्या पातळीवर त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते. शिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहं सुरू झाली आहेत. जे मूल मागं राहतं, त्याचं शाळेचं वर्ष वाचतं, हे मी डोळ्यांनी बघतो.

कार्डावर एक रकाना मी माझ्या मनानं वाढवतो. तळाला पेनानं लिहितो: ‘उंच झेल उत्तम. डाव्या हाताने फेक. धावण्यात वेग.’ मुख्याध्यापक बघतात आणि सही करतात.

एक

खिचडी. वाढायला मी उभा राहतो, कारण रांगेत ढकलाढकली होते. क्रिकेटमधली रांगही मी इथंच लावायला शिकलो.

रांग सांभाळताना बाळूंच्या चहाची गोष्ट मनात येते. पुण्याच्या हिंदूंच्या संघाला साहेबांच्या क्लबाशी सामना खेळायचा होता आणि बाळूंसारखा गोलंदाज गावात दुसरा नव्हता. सवर्णांच्यात बराच वाद होऊन त्यांना संघात घेतलं. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावत. पण मध्यंतरात त्यांना चहा तंबूबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे, जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. त्या चहाच्या आधी त्यांनी बळी घेतलेले असत आणि नंतर पुन्हा घ्यायचे असत. पोरांना मी हे दरवर्षी सांगतो, खिचडीच्या रांगेतच सांगतो. आमच्या रांगेत कुणाचं ताट कुणाच्या मागं, हे फक्त कोण आधी आला त्यावर ठरतं.

दोन वीस

आठवीचा शारीरिक शिक्षणाचा तास. ऊन तापलेलं, म्हणून पोरांना लिंबाच्या सावलीत बसवतो. आज नवीन गोष्ट. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आहे, बेसबॉल आहे, आणि शाळेच्या पेटीत सॉफ्टबॉलचे हातमोजे आहेत. एक मोजा फिरवायला देतो आणि ज्यो जॅक्सन नावाच्या माणसाबद्दल सांगतो.

१८८७ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात हा जन्मला. घरचे कापडगिरणीत कामाला. सहा-सात वर्षांचा असताना तोही ग्रीनव्हिल गावच्या ब्रँडन गिरणीत लागला. जमिनीवर साचलेला कापसाचा भुरका झाडायचं काम. शाळा झालीच नाही. जन्मभर त्याला लिहिता-वाचता आलं नाही. गिरण्यांचे तेव्हा आपापले बेसबॉल संघ असत आणि शनिवारी सामने होत. तेरा वर्षांचा ज्यो मोठ्या माणसांबरोबर खेळू लागला, एका सामन्याला अडीच डॉलर मिळत.

‘म्हणजे आमच्याएवढा,’ मागून कुणीतरी म्हणालं.

तुमच्याएवढाच. पुढं तो खेळाडू झाला तो मैदानाच्या टोकाला उभा राहणारा. बेसबॉलमध्ये लांब तिघं उभे असतात, डावीकडं एक, मधे एक, उजवीकडं एक. ज्यो बहुतेक डावीकडं. एकदा नवे बूट चावले म्हणून तो मोजांवरच सामना खेळला आणि लोकांनी त्याला ‘शूलेस ज्यो’ म्हणजे बिनबुटाचा ज्यो म्हणायला सुरुवात केली. ते नाव त्याला जन्मभर टोचलं. आमच्या अनवाणी पोरांना मात्र ते नाव फार आवडलं.

मग मी फळ्यावर एकच वर्ष लिहितो: १९११. त्या वर्षी क्लीव्हलँडच्या संघाकडून खेळताना ज्योची फलंदाजीची सरासरी होती .४०८. म्हणजे शंभर पाळ्यांत जवळपास एक्केचाळीस वेळा त्यानं चेंडू मारून तळ गाठला. मोठ्या पातळीवरचं ते त्याचं पहिलं पूर्ण वर्ष. पहिल्या वर्षात एवढी सरासरी आजवर दुसऱ्या कुणाची नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, समुद्राच्या या बाजूला, पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडात खेळत होता. संघ वाईट हरत होता, महाराज बरेच सामने खेळलेच नाहीत, आणि दुखऱ्या खांद्यानं गोलंदाजी करत एका माणसानं त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. बाळू पालवणकर. त्यांचा धाकटा भाऊ शिवरामही त्या संघात होता.

गिरणीचा झाडूवाला आणि क्लबाचा रूळवाला. दोघांना एकमेकांचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण १९११ च्या त्या काही महिन्यांत, दोन खंडांवर, दोन वेगळ्या खेळांत, लहानपणी मजुरी केलेली दोन माणसं आपापल्या मैदानांवर राज्य करत होती. मला खेळाच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट वाटते.

‘पुढं काय झालं, सर?’

ज्योचं वाईट झालं. १९१९ साली तो शिकागोच्या संघात होता. तेव्हाच्या करारांत खेळाडू मालकाशी बांधलेला असे. मालकानं सोडल्याशिवाय दुसरीकडं जाता येत नसे. त्या वर्षीच्या अंतिम मालिकेत शिकागोच्या आठ खेळाडूंवर पैसे घेऊन हरल्याचा आरोप आला. ज्योनं पैसे घेतल्याचं पुढं आलं. पण त्या मालिकेत त्याची सरासरी होती .३७५, फटके १२, आणि क्षेत्ररक्षणात एकही चूक नाही. १९२१ मध्ये ज्यूरीनं खटल्यातल्या खेळाडूंना निर्दोष सोडलं, तरी बेसबॉलच्या प्रमुखानं आठही जणांवर कायमची बंदी घातली. तो परत दक्षिणेत आला, छोटे धंदे केले, १९५१ मध्ये वारला. बंदीच्या यादीतून त्याचं नाव उतरलं ते २०२५ मध्ये, मरणानंतर त्र्याहत्तर वर्षांनी.

त्यानं पैसे घेतले ते चुकलंच, हे मी पोरांना स्पष्ट सांगितलं. पण ज्याला करार वाचता येत नाही, त्याच्याशी करार करणारे नेहमीच जिंकतात, हेही सांगितलं. मागच्या रांगेतल्या काही पोरांनी मान खाली घातली. उचलीच्या कागदावर अंगठा उमटवणारे हात त्यांच्या घरात आहेत. म्हणून, म्हटलं, झेल पकडायला शिका आणि वाचायलाही शिका. एकानं दुसऱ्याची जागा भरत नाही.

‘आणि बाळूंचं?’

बाळूंना हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद कधी रीतसर मिळालं नाही. १८९६ च्या प्लेगच्या सुमारास ते पुण्याहून मुंबईला आले, रेल्वेत नोकरी केली, हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ साली हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला १०९ धावांनी हरवलं, त्या विजयात त्यांचा मोठा वाटा. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी पंधराच्या आसपास. तरी कर्णधार दुसराच. १९२० मध्ये बाळूंना वगळल्यावर भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. हा माझ्या मते आपल्या खेळातला पहिला मोठा संप. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. विठ्ठलांनी पुढं मराठीत ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिलं. थोरल्या भावानं रूळ ओढला, धाकट्यानं संघ चालवला आणि पुस्तकही लिहिलं. मधे तीस वर्षं गेली.

साडेपाच

फक्कीनं सीमारेषा आखतो. घमेल्यातून मूठ मूठ पांढरी भुकटी सोडत गोल चालायचं. वारा असला की अर्धी डोळ्यांत जाते. आज शेवटचा पूर्ण संघ आहे, रविवारनंतर अकरा जण जमणं अवघड.

खेळ सुरू असताना आष्टी तालुक्याचा विषय निघाला, कारण मांडव्याचा अविनाश साबळे आमच्या पोरांचा देव आहे. आई-बाप वीटभट्टीवर राबले, पोरगं शाळेला सहा-सात किलोमीटर पळत जायचं, लष्करात भरती झालं आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेऊन आलं. बीड शहरातल्या सचिन धसनं २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात, उपांत्य सामन्यात ९६ धावा केल्या, तोही यांचाच. जिल्ह्यातलं पोर तिथवर जातं हे त्यांनी पाहिलं आहे. ते कुठल्या वाटेनं गेलं, हे सांगणारा माणूस त्यांना रोज मैदानावर हवा असतो. साबळे लष्करात गेला आणि तिथं त्याला धावण्याची पूर्ण मोकळीक मिळाली. ज्याला सहा महिने कोयता धरायचा आहे, त्याला ती कोण देणार?

सात

बाभळीखाली त्या मुलाचे वडील उभे होते. खेळ संपेपर्यंत थांबले, मग जवळ आले.

‘सर, पोरगं हाताखाली लागतंय.’

‘दादा, आज्जी आहे ना घरी? हंगामी वसतिगृहात जेवण होतंय. त्याला ठेवा.’

‘उचल फिटायची हाय. दोघांनी किती तोडायचा? त्याची आई मागल्या साली कंबरेनं बसली.’

मी त्यांना हमी कार्ड, वसतिगृहाचा अर्ज, दोन्ही दाखवलं. ते वाचायला त्यांनी मुलाकडं दिलं. मुलानं सगळं वाचून दाखवलं, मोठ्यानं, एकेक ओळ. बापानं कार्ड नीट घडी करून खिशात घातलं. अर्ज मात्र परत दिला नाही, तोही बरोबर नेला. म्हणाले, रात्री आज्जीशी बोलतो.

त्यांना दोष द्यावा असं माझ्याजवळ काही नाही. पोराला लांब उभं केलं की ते काय करतं हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं होतं. जाताना एवढंच विचारलं, ‘हे असं पळून धरणं, ह्याला तिकडं कुणी विचारील का, सर?’

साडेआठ

दिवाबत्ती, जेवण, मग टेबलाशी. सामानाची नोंदवही: मोजे नऊ, चेंडू सहा, जाळी फाटलेली, शिवायला हवी. मग रविवारी निघणाऱ्या मुलांची यादी, प्रत्येकाच्या पुढं तो कुठं उभा राहतो. आठवीच्या त्या मुलापुढं लिहिलं: डावीकडं, लांब. तो रविवारी जाणार की राहणार, ते उद्या कळेल.

त्याच्या बापाच्या प्रश्नाचं उत्तर लिंबागणेशात नाही. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि बेळगावच्या बाजूला शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांकडं आहे, म्हणून हा दिवस तुमच्यासाठी लिहिला. दिवाळीनंतर तुमच्या गावाच्या कडेला कोप्या पडतील. तिथून एखादं पोर घडी केलेलं कार्ड घेऊन आलं, तर त्याला वर्गात बसवून घ्या. आलं नाही, तर संध्याकाळी एक चक्कर कोप्यांकडं मारा आणि त्याला मैदानावर बोलवा. सुरुवातीला त्याला सगळ्यांत लांब उभं केलंत तरी चालेल, तिथं तो तुम्हाला चकित करील. पण त्याची पाळी आली की बॅट त्याच्या हातात द्या.